दहा लाख भरू की वर्षभर जाऊ?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आली. "मामा, पप्पा म्हणताहेत दहा लाख भरून मोकळी हो. तुम्ही काय म्हणता?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी कॉलेजात डॉक्टर झालं की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. याला बॉण्ड म्हणतात. ती करायची नसेल तर तिच्या बॅचला दहा लाख रुपये दंड आहे. पीजी झालेल्यांना हाच आकडा पन्नास लाखांचा. दाजींची रावेरकडे केळी आहे, यंदा भाव बरा लागला, त्यामुळे ते रोखीने मोकळं व्हायच्या गोष्टी करताहेत. त्यांचं गणित सरळ आहे. एक वर्ष आरोग्य केंद्रावर गेलं म्हणजे नीट-पीजीच्या अभ्यासाचं एक वर्ष गेलं. पीजीला एक वर्ष उशीर म्हणजे पुढच्या कमाईतलं एक वर्ष गेलं. त्यापुढे दहा लाख काय?

मी लगेच उत्तर दिलं नाही. पत्रकार माणूस, दुसऱ्याला सल्ला देताना जीभ अडखळत नाही, पण इथे अडखळली. त्याला कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. सकाळचे अकरा, बाहेर पाच-सहा बाया लेकरं घेऊन बसलेल्या, आत खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, "डॉक्टर नही शे भाऊ, मीटिंगले गयात." मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात चार कॉलम: डॉक्टर बेपत्ता, रुग्ण वाऱ्यावर. बातमी गाजली. डॉक्टरांना नोटीस निघाली. मला दोन-तीन सत्काराचे नारळ मिळाले, खोटं कशाला बोलू.

नंतर कळलं की त्या डॉक्टरांकडे दोन केंद्रांचा चार्ज होता. त्या दिवशी ते दुसऱ्या केंद्रावर पोस्टमॉर्टेम करून तालुक्याला साप्ताहिक मीटिंगला गेले होते. नियमाने एका केंद्राला दोन डॉक्टर हवेत. मैदानी भागात तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, असा निकष आहे. तिथे दोन केंद्रं मिळून एक डॉक्टर होता. म्हणजे बातमी तीन डॉक्टर नव्हते ही होती. मी चौथ्याची केली, जो होता त्याची.

तीन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची दीड वर्ष रिकामी राहिली. त्या दीड वर्षाची बातमी मी केली नाही. रिकाम्या खुर्चीचा फोटो एकदा छापला की परत छापत नाहीत.

हे सगळं आज आठवायचं कारण पगार. आपल्याकडे चर्चा सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, सरकार डॉक्टरला पगार देत नाही म्हणून ते जात नाहीत. हे पूर्ण खरं नाही. वैद्यकीय अधिकारी गट-अ ची वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५०० आहे. त्यावर मूळ पगाराच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी दवाखाना चालवायचा नाही याची भरपाई. (हा भत्ता घेऊन बायकोच्या नावाने पाटी लावणारेही आहेत, आपण काही आंधळे नाही.) त्यावर महागाई भत्ता. नव्याने लागलेल्या कायम डॉक्टरचाही पगार लाखाच्या वर जातो.

आता दुसरीकडे बघा. तालुक्याच्या गावात नवा एमबीबीएस दवाखाना टाकतो. गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, कंपाउंडर, लाइट बिल. तपासणी शंभर-दीडशे रुपये, त्यातही निम्मे ओळखीचे, "डॉक्टर साहेब, पुढच्या बाजारला देतो" म्हणणारे. पहिली चार-पाच वर्षं आरोग्य केंद्रातला त्याचा मित्र त्याच्यापेक्षा जास्त आणि निश्चिंत कमावतो.

मग खुर्ची रिकामी का? कारण नव्या पोरांच्या मनात स्पर्धा सरकारी डॉक्टर विरुद्ध जनरल प्रॅक्टिस अशी नाहीच. दोन्हीकडे त्यांना जायचं नाही. त्यांची तुलना स्पेशालिस्टशी आहे. जळगावच्या रिंग रोडला किंवा धुळ्याच्या साक्री रोडला फिरून पाट्या वाचा. हाडांचे, हृदयाचे, मुलांचे, स्त्रियांचे, वंध्यत्वाचे. नुसतं एमबीबीएस लिहिलेली नवी पाटी शोधून दाखवा. ताप-खोकल्याचा डॉक्टर ही जात संपत चालली आहे. लग्नाच्या बाजारातसुद्धा नुसत्या एमबीबीएसला विचारतात, "मग पुढे काय?"

ती जागा खेड्यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनी भरून काढली. ते कोणती औषधं द्यावीत, कोणती नाही, यावर आयएमए आणि सरकार यांची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यात पडत नाही. पण माझ्या गावात रात्री दोनला दार वाजवलं तर उठणारा माणूस बीएएमएस आहे, पंचवीस वर्षांपासून. कधी नको तिथे सलाईन लावतो, हेही मला माहीत आहे. पेशंट जळगावला पाठवला की तिकडून पाकीट येतं, असं गावात उघड बोलतात. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा २०१७ साली झाला होता, पुढे काय झालं ते तुम्हीच बघताय. तरी तो माणूस तिथे आहे. त्याला माहीत आहे माझ्या आईला कोणत्या गोळीने पित्त होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हे माहीत असण्याची शक्यता नाही, कारण तो दर वर्षी नवा असतो. बॉण्डवाला येतो, अभ्यासाची पुस्तकं घेऊन येतो, वर्ष मोजतो, जातो. त्याची चूक नाही. आपणच त्याला शिक्षा म्हणून पाठवलंय, आणि शिक्षेला दंडाचा पर्यायही दिलाय.

जो कायम राहतो त्याचं काय होतं? जळगाव जिल्ह्यात सत्तरच्या वर आरोग्य केंद्रं आहेत, म्हणजे मंजूर डॉक्टर दीडशेच्या घरात. वर जायला काय? तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, मग जिल्हा आरोग्य अधिकारी ही जिल्ह्यात एकच खुर्ची, मग नाशिकला उपसंचालक. बहुतेक जण वैद्यकीय अधिकारी म्हणून लागतात आणि वैद्यकीय अधिकारी म्हणूनच निवृत्त होतात. पगार वाढतो, पद तेच. आणि बढती झालीच तर ती पेशंट तपासणं सोडून फाइली बघायची बढती असते. वीस वर्षं सिकलसेलचे पेशंट, साप चावलेले, अडलेल्या बाळंतिणी बघून जो शहाणा झाला, त्याला आपण व्हिडिओ कॉन्फरन्सला बसवतो. मास्तर आणि डॉक्टर दोघांच्याही बाबतीत सरकारची ही सवय एकच.

शिवाय त्याच्या डोक्यावर काय काय असतं! ओपीडी, लसीकरण, शस्त्रक्रिया शिबिराचं टार्गेट, मंत्र्यांच्या दौऱ्यात ड्युटी, पोस्टमॉर्टेम, आणि बदली झाल्यावरही जुन्या केसमध्ये कोर्टाचं समन्स. क्वार्टर गळकं. पोरांची शाळा तालुक्याला. आणि कधी मारही. धुळ्यात मार्च २०१७ मध्ये हिरे मेडिकलच्या रुग्णालयात काय घडलं ते विसरू नका. अपघाताचा पेशंट आला, निवासी डॉक्टरने सांगितलं की इथे न्यूरोसर्जन नाही, दुसरीकडे हलवा. नातेवाइकांनी त्यालाच मारलं, डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून होताच. न्यूरोसर्जनची जागा त्या पोराने रिकामी ठेवली नव्हती. मला ते वाचताना माझी चार कॉलमची बातमी आठवली. काठी आणि हेडलाइन यांत फरक आहे, पण रोख तोच, जो समोर उभा आहे त्याच्यावर.

जुलै २०१४ मध्ये मॅग्मोचा संप झाला, राज्यभर सरकारी वैद्यकीय अधिकारी कामावर गेले नाहीत. कामाचे ठरलेले तास, पीजी झालेल्यांना वेतनवाढी, अस्थायी डॉक्टरांना कायम करा, अशा मागण्या होत्या. आम्ही पेपरवाल्यांनी "रुग्णांचे हाल" लिहिलं. हाल झालेच होते. पण मागण्यांची यादी आतल्या पानावर तीन ओळीत गेली. ती मीच कापली होती, जागा नव्हती.

एक गोष्ट मात्र बरी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की सेवेतल्या डॉक्टरांना पीजीच्या पदवीसाठी राखीव जागा द्यायचा अधिकार राज्यांना आहे. तमिळनाडूतल्या डॉक्टरांनी ती लढाई लढली होती, तिथे निम्म्या जागा सेवेतल्यांना देतात. महाराष्ट्राने २०२२ साली वीस टक्के दिल्या. माझ्या मते पगारवाढीच्या दहा जीआरपेक्षा हा एक जीआर जास्त कामाचा आहे, कारण अवघड भागातली नोकरी पहिल्यांदाच करिअरमध्ये मोजली गेली. वाया गेलेलं वर्ष न राहता ते जमा झालेलं वर्ष झालं.

पण अर्धंच. तो डॉक्टर पीजी करून स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन परत येतो, त्याला अशा ग्रामीण रुग्णालयात टाकतात जिथे भूलतज्ज्ञ नाही. मग सिझेरियन कसं करणार? रेफर टू जळगाव. दोन वर्षांत हात बसायच्या ऐवजी उतरतो, आणि तो शहरात हॉस्पिटल टाकतो. आणि ज्याला स्पेशालिस्ट व्हायचंच नाही, जनरल डॉक्टर म्हणूनच चांगलं काम करायचंय, त्याच्यासाठी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. इंग्लंडमध्ये जीपी व्हायला वेगळं तीन वर्षांचं प्रशिक्षण लागतं, माणसं त्याच्याकडे नोंदवलेली असतात, त्याचा मान स्पेशालिस्टपेक्षा कमी नसतो. इकडे फॅमिली मेडिसिनची पीजी आहे, पण आरोग्य केंद्रात राहूनच ती करा, आम्ही वरची श्रेणी देतो, तुम्ही इथेच पेशंट बघा, असं आपण कुणाला का म्हणत नाही? माझ्या मते पैसा इथे घालायला हवा. बॉण्डचा दंड वाढवून काही होणार नाही, केळीला भाव असला की बाप दंड भरतो.

ते राजीनामा दिलेले डॉक्टर मला गेल्या वर्षी भेटले. आता तालुक्याला त्यांचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. मी बातमीचा विषय काढला. ते हसले. म्हणाले, "तुमच्यामुळे नाही गेलो हो. आधीच निघायचं ठरवलं होतं. तुम्ही फक्त तारीख ठरवली." मग चहा मागवला. मला त्या उत्तराने बरं वाटायला हवं होतं.

भाचीला काल परत फोन केला. हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की दहा लाख पप्पांकडे राहू दे, पण जाणार असशील तर वर्ष ढकलायला जाऊ नकोस. ती म्हणाली विचार करते. संध्याकाळी तिने रिक्त जागांची यादी व्हॉट्सॲपवर टाकली, खाली विचारलं, "मामा, यातलं हे तुमच्या ओळखीचं आहे ना? कसं आहे गाव?"

तेच केंद्र होतं.

मी लिहिलं, रस्ता आता चांगला झालाय. क्वार्टरचं विचारून सांगतो.