घंटा आणि बंदूक

दर वर्षी १७ सप्टेंबरचा दिवस उजाडला की आमच्या जालन्यात ध्वज फडकतो, भाषणे होतात आणि दुपारपर्यंत मंडळी आपापल्या उद्योगास लागतात. १९४८ साली त्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली, हे घरातील लहान मुलेही सांगतात. परंतु त्या लढ्याचे मूळ पुष्कळ अंशी शाळेच्या वर्गात होते, हे वडीलधाऱ्यांनाही क्वचितच स्मरते.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो उपक्रम खरोखर स्तुत्य होता. पण ती देशी भाषा उर्दू. आणि मराठी, तेलुगु, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांस ती घरची नव्हे. दोष उर्दूचा नव्हता, सक्तीचा होता. आपल्याच जिल्ह्यातील परतूर येथे १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ गायिल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले व नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांस आश्रय दिला. लढ्याचे धुरीण स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांतून शिकविणारे गुरुजीच होते.

१९४७ साली शाळा सोडून गेलेल्या मुलांत आमचे तीर्थरूपही होते. वऱ्हाडच्या सीमेवरील एका छावणीत ते राहिले. परत आले तेव्हा राज्य मुक्त झाले होते, पण घरची स्थिती खालावलेली. परीक्षा राहिली ती राहिलीच. जन्मभर त्यांनी कारकुनी केली. पाठ मात्र उर्दूतलेच पक्के! आम्हांस भूमिती शिकविताना त्रिकोणास ते सहज ‘मुसल्लस’ म्हणत आणि मग स्वतःशीच हसत. एकदा आम्ही विचारले, “शाळा सोडल्याचा पश्चात्ताप होतो का?” ते म्हणाले, “अरे, तू त्रिकोण म्हणतोस ना? मग झाले.”

बंदुकीचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. रझाकारांनी गावे जाळली हे जितके खरे, तितकेच पोलीस कारवाईनंतर अनेक निरपराध मुसलमान मारले गेले हेही खरे. सुंदरलाल समितीने ते नमूद केले आहे. शस्त्र एकदा उपसले की निवड करीत नाही.

आफ्रिकेतील सोमाली लोकांकडे पाहावे. त्यांची भाषा जुनी, पण सरकारमान्य लिपी १९७२ साली ठरली. १९७४ साली तेथील विद्यार्थी व शिक्षक गुराखी वस्त्यांवर अक्षरे शिकविण्यास गेले. केवढे हे पुण्यकर्म! परंतु १९९१ साली सशस्त्र गटांनी सरकार उलथले, ते गट आपसांत लढत राहिले आणि शाळा ओस पडल्या. आपल्याकडे बंदुका खाली ठेवल्या गेल्या व १९५८ साली मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले, हे आपले भाग्य.

आता मुद्द्याची गोष्ट. परवा आमचा नातू भूमितीचे पुस्तक घेऊन जवळ बसला. आम्ही त्रिकोण म्हणालो, तर तो गोंधळून पाहू लागला. “आजोबा, ट्रँगल म्हणा ना!” त्याला त्या शाळेत कोणी सक्तीने घातलेले नाही, आम्हीच, घरातील सर्वांच्या संमतीने, घातले आहे. सक्तीविरुद्ध लढता येते. स्वतःच्या हौसेविरुद्ध कोणती छावणी उघडावी?

इंग्रजीस आमचा विरोध नाही. ज्ञान कोठूनही घ्यावे. पण वाचकहो, रात्रीच्या जेवणानंतर घटकाभर घरातील आजोबा-आजींनी मुलांचा दिवसाचा धडा मराठीत बोलून घ्यावा, एवढे तरी कोणत्याही घरास साधेल. आम्ही कालपासून आरंभ केला आहे. नातवास ‘काटकोन’ हा शब्द फार आवडला. ‘मुसल्लस’ही त्यास सांगितला, कोणत्याच भाषेचा आकस त्याच्या मनात राहू नये.