बॉडी आणि चासीच्या मधलं रबर

जुनी जीप विकत घेतलेल्या (किंवा वारशात मिळालेल्या) माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा, गाडीवर पहिला खर्च कशाचा करणार? उत्तरं ठरलेली आहेत. मोठे टायर, पुढे विंच, टपावर एलईडीची पट्टी. आणि स्नॉर्केल. पावसाळ्यात खडकवासल्याच्या पलीकडे कधी न गेलेल्या गाडीला स्नॉर्केल! :) "बॉडी माउंट बदलणार" असं उत्तर मला आजवर एकानेही दिलेलं नाही.

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. गाडी वीस वर्षांच्या वरची असेल आणि चासीवर बॉडी ठेवलेली असेल, तर पहिला रुपया या रबरांवर जायला हवा. आणि गाडी भंगारात द्यायची की ठेवायची हा निर्णयसुद्धा ही रबरं काढून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आता तुम्ही म्हणाल, रबराच्या चकत्यांवर एवढं काय लिहायचं? तर मंडळी, वाचा.

हे असतं कुठे?

आजच्या बहुतेक शहरी गाड्यांना वेगळी चासी नसतेच. बॉडी हाच सांगाडा. पण जुनी महिंद्रा, जिप्सी, बोलेरो, स्कॉर्पिओ या गाड्यांचा संसार दुमजली असतो. खाली शिडीसारखी लोखंडी चासी. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळं तिच्यावर. वर माणसं बसतात ती बॉडी. या दोघींच्या मधे ठिकठिकाणी रबराच्या जाड चकत्या (जागा किती, ते मॉडेलप्रमाणे बदलतं). एक चकती चासीच्या वर, एक खाली, मधे लोखंडी नळी, आणि या सगळ्यातून आरपार जाणारा एक लांब बोल्ट.

त्या रबराला तीन कामं एकदम करावी लागतात. डिझेल इंजिनाची थरथर वर पोचू द्यायची नाही. खड्ड्यात एक चाक गेल्यावर चासी पिळवटते, तो पीळ पत्र्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. आणि हे करताना बॉडीला जागेवरून हलूही द्यायचं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्सच्या मधला हा इंटरफेस. दोन्हीकडचे लोक आपापल्या डेमोत टाळ्या घेतात, मधल्या थराचं नाव कोणी घेत नाही. तो पडला की मात्र सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

रबर म्हातारं कसं होतं

रबराची अडचण अशी की ते मोडत नाही, हळूहळू विसरतं. दाबल्यावर परत वर यायचं असतं, हेच विसरतं. चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये गंधक घालून रबर पक्कं करायचं पेटंट घेतलं, पण पक्कं म्हणजे अमर नव्हे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, इंजिनाची उष्णता, गळणारं ऑइल, चिखल, या सगळ्यांनी ते कडक होतं, नाहीतर फुगतं, चिरतं, आणि वर्षानुवर्षांच्या वजनाने कायमचं चपटं होतं.

चॅलेंजर यानाची गोष्ट इंजिनिअरिंगला शिकलेल्या सगळ्यांना माहीत असते. २८ जानेवारी १९८६, सात अंतराळवीर, आणि कारण होतं थंडीत लवचीकपणा गमावलेली रबरी ओ-रिंग. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमनने काय केलं? रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि काढून दाखवला. चिमटा सोडला तरी रबर लगेच पूर्ववत झालं नाही. बस, एवढंच. मामाच्या जीपची तुलना अंतराळयानाशी करायची नाहीये मला, पण धडा तोच आहे. रबर दिसायला जागेवर असतं, म्हणून ते काम करतंय असं नाही.

मोहाडीची जीप

ही जीप माझ्या मामाची. महिंद्रा एमएम ५४०, १९९६ चं मॉडेल. गाव मोहाडी, भंडारा-तुमसर रस्त्यावर. धानाचा मुलूख. आमच्या पुण्यातल्या मित्रांना ऑफ-रोडिंगसाठी वीकएंडला पैसे भरून ट्रॅकवर जावं लागतं. तिकडे जुलैत रोवणीच्या वेळी बांध्यांपर्यंत पऱ्हे पोचवायचे म्हटलं की आपोआप ऑफ-रोडिंग होतं, सर्टिफिकेट मिळत नाही एवढंच. या जीपने तुमसरच्या बाजारात धान नेलंय, चौंडेश्वरीच्या दर्शनाला पाहुणे नेलेत, रात्री-अपरात्री गावातल्या बाळंतिणीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवलंय. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा ती कितीतरी तास गढूळ पाण्यात उभी होती.

गेली दोन वर्षं तिचं लक्षण ठीक नव्हतं. ब्रेक दाबला की पायाखालून "ठक्". डावा दरवाजा सरळ जमिनीवर लागायचा, पण एक चाक धुऱ्यावर चढलं की लागायचा नाही. गिअरचा दांडा फ्लोअरच्या भोकाच्या एका कडेला घासायचा. नागपूरच्या एका वर्कशॉपने शॉकअॅब्सॉर्बर बदलले, शॅकलचे बुश बदलले, बिल दिलं. ठक् तसंच. मग मामेभावाने निकाल दिला, "बाबा, आता भंगारात काढू." त्यालाही चूक म्हणता येत नाही. त्याच्या लेखी गाडी म्हातारी, खर्च चालूच, आणि रजिस्ट्रेशनचं रिन्युअल तोंडावर. पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीची रिन्युअल फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता.

मामा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा समजायचं की त्यांना पटलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. ते गाडीखाली शिरले, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सब्बल. चासी आणि बॉडीच्या मधे सब्बल घालून अलगद रेटली. वर बसलेल्या मला सीटसकट हलल्यासारखं झालं. खालून आवाज आला, "गाडी नाई मेली भाऊ, रबर मेला."

दोन वर्षांचं निदान पाच मिनिटांत. सब्बल आणि टॉर्च, एवढीच उपकरणं.

तीन मतं, तिन्ही वादाची

पहिलं, पूर्ण संच बदला. "जे दोन गेलेत तेवढेच टाका" हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो, पण हिशोबात चुकतो. दोन नवीन उंच रबरं आणि बाकी सगळी चपटी, म्हणजे बॉडी वाकडी. सगळा भार नव्या दोघांवर, आणि दरवाज्याच्या फटी आणखी बिघडणार. शिवाय गाडी उचलायची मेहनत तीच. पूर्ण संचाची किंमत एका चांगल्या टायरपेक्षा कमी पडली आम्हाला.

दुसरं, जुन्या टायरचे तुकडे कापून घालू नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्याला कौतुकाने "जुगाड" म्हणतात. टायरच्या तुकड्यात दोऱ्याचे नाहीतर तारेचे थर असतात, तो कडक असतो, प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी. तो फट भरतो, पण थरथर अडवत नाही. अडीअडचणीला गाडी घरी आणण्यापुरता जुगाड मला मान्य आहे. पण घरी आल्यावर तोच कायमचा राहतो, वाद तिथे आहे. (आपल्या कोडमधली "टेम्पररी फिक्स" अशी कॉमेंट किती वर्षांची आहे, एकदा बघा.)

तिसरं, पॉलियुरेथेनच्या मोहात पडू नका. रंगीत असतात, टिकतात, तेलाला दाद देत नाहीत, सगळं खरं. पण ते रबरापेक्षा बरेच कडक. स्पर्धेच्या गाडीला ठीक. जुन्या डिझेलची थरथर मामांच्या कमरेपर्यंत पोचवायची असेल तरच रोजच्या गाडीला लावा.

प्रत्यक्ष काम

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टना गंजतेल मारून ठेवलं. वर्षानुवर्षं पावसापाण्यात राहिलेला बोल्ट आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो, आणि वरचं नट बॉडीच्या पेटीत असतं. जोर लावला की ते नट पेटीसकट फिरायला लागतं, मग फ्लोअर कापावा लागतो. म्हणून आधी तेल, मग उष्णता, आणि तरी नाही ऐकलं तर सरळ बोल्ट कापायचा. आमचे तीन कापावे लागले.

बॉडी पूर्ण उचलायची गरज नाही. सगळे बोल्ट सैल करायचे, एका बाजूचे काढायचे, दुसऱ्या बाजूचे तसेच सैल राहू द्यायचे. जॅक आणि पत्र्याच्या मधे जाड लाकडी फळी, नाहीतर जॅक थेट फ्लोअरमध्ये घुसतो. रबर निघेल इतकंच, इंच-दीड इंच वर. आणि दर थोड्या उचलीनंतर थांबून बघायचं. कारण स्टिअरिंगचा बॉक्स चासीवर असतो आणि कॉलमला वरचा आधार बॉडीचा, गिअरचा दांडा खालून वर येतो, शिवाय ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, अर्थिंगची वायर, डिझेलचा पाइप. यातलं काय ताणलं जातंय ते आधी सोडवायचं. उचललेल्या बॉडीखाली हात घालायचा तर फक्त जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, लाकडाचे ठोकळे लावायचेच. आमचे मिस्त्री एवढे निवांत गृहस्थ, पण ठोकळा लावल्याशिवाय त्यांनी मला बोटसुद्धा आत घालू दिलं नाही.

रबरं निघाल्यावर त्यांच्याखालची चासी दिसते. मला विचाराल तर या कामाची खरी कमाई ती. ओली माती धरून ठेवणारी जागा, गंज लागला तर इथेच. मिस्त्रींनी प्रत्येक बैठकीवर हातोडी मारून ऐकलं. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड, भद्द आवाज म्हणजे पापुद्रे. एक सोडून सगळ्या खणखणीत निघाल्या. मागची उजवी बैठक कुजली होती. ती कापून जाड प्लेट वेल्ड केली. बाकीच्या तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारला. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचे घेतले, कारण जोराच्या धडकेत बॉडीला चासीवर धरून ठेवतात ते हेच. आवळताना मात्र जोर दाखवायचा नाही. रबर पार चेपलं तर नवं घालूनही जुन्यासारखंच वागतं. आणि पाचेकशे किलोमीटर झाल्यावर एकदा परत पान्हा लावून बघायचं, नवं रबर बसतं आणि बोल्ट सैल पडतात.

दोन दिवस गेले. ठक् गेलं. दरवाजा धुऱ्यावरही लागतो.

मग जुनी गाडी ठेवायचीच का?

इथे जुन्या गाड्यांचे भक्त माझ्यावर रागावतील. या जीपला एअरबॅग नाही, एबीएस नाही, धुराचं तर बोलूच नका. रोज हिंजवडीच्या सिग्नलवर अशी गाडी घेऊन उभं राहणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मागे दुचाकीवर लहान मूल असतं, त्याने तो धूर का प्यायचा? आणि चासीच्या दोन-तीन बैठका भद्द वाजल्या असत्या तर मीच मामांना म्हणालो असतो, द्या भंगारात. रबर कितीही नवं घातलं तरी कुजलेल्या लोखंडावर ते काय धरणार?

पण वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर, तेही बांध्यांच्या रस्त्याने चालणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा. तिथे नवी चकचकीत एसयूव्ही रोवणीच्या दिवसांत घरीच उभी राहील, कारण तिला ओरखडा आला तर हप्ता भरणाऱ्याचा जीव जातो. माझं म्हणणं एवढंच की हातोडी मारून, ऐकून, मग ठरवा. "म्हातारी झाली" हे निदान नाही, तो आपला कंटाळा आहे. लेगसी सिस्टिम फेकून नव्याने लिहू म्हणणाऱ्या किती मीटिंगांत मी बसलोय! दर वेळी नव्याने लिहायला सगळे तयार. खाली शिरून टॉर्च मारायला कोणी नाही, कारण त्याचं प्रमोशन मिळत नाही.

आणि खाली शिरून आवाजावरून लोखंड ओळखणारा मिस्त्री, तो किती दिवस असणार? त्यांचा मुलगा नागपूरला फोनच्या दुकानात आहे. जीपची रबरं अजून दहा वर्षं मिळतील. कानाने ऐकणारा माणूस मिळेल का, याची मला जास्त धास्ती आहे. तुमच्या गावात असा कोणी असेल तर गाडीचं काम नसलं तरी एक दिवस त्याच्याजवळ जाऊन बसा.

मामेभाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. "पाहू" म्हणतो. पण रिन्युअलचे कागद त्यानेच काढून ठेवलेत. असो.