पोलादाला सूज

दिवाळीत अनारशाला जाळी पडली नाही की घरची गृहिणी हिरमुसते. पण पोलादालाच जाळी पडू लागली तर?

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डाउनरे येथे एक अणुभट्टी होती. तिच्यातील इंधनाच्या कांड्यांवर स्टेनलेस स्टीलचे आवरण असे. भट्टीत राहून आलेल्या अशा आवरणाची पातळ कपची कॉथॉर्न आणि फुल्टन या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तो काय, आत पोकळ्याच पोकळ्या! साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या कधीच दिसल्या नसत्या. १९६७ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि पोलादाला सूज का येते ते उमगले.

हे होते कसे? कॅरम आठवा. न्यूट्रॉन हा स्ट्रायकर. तो एका अणूला ठोकतो, तो अणू पुढच्यांना ढकलतो आणि क्षणार्धात सगळा डाव विसकटतो. गंमत अशी की, यातल्या बहुतेक सोंगट्या सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आतच मोकळ्या घरांत परत जाऊन बसतात. धातू स्वतःच स्वतःला बरा करतो म्हणा ना! थोड्या मात्र परतत नाहीत. त्यांची रिकामी घरे हळूहळू एकत्र येतात आणि पोकळी होते.

पृथ्वीवर सूर्य आणण्याच्या वार्ता आपण वाचतोच. सूर्य आणाल हो, पण ठेवाल कुठल्या भांड्यात? ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या मीलनातून निघणारा न्यूट्रॉन १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. लोखंडाचा अणू जागचा हलवायला सुमारे ४० पुरतात! शिवाय हा न्यूट्रॉन धातूच्या पोटात हेलियम वायू निर्माण करतो. त्याचे बुडबुडे धरतात आणि पोलाद ठिसूळ होते. उद्याच्या वीजकेंद्राच्या भिंतीतला प्रत्येक अणू काही वर्षांत वीस-पन्नास वेळा जागचा हलेल, असा हिशेब आहे.

अशा न्यूट्रॉनांचा पुरेसा भरघोस मारा करणारे यंत्र आज नाही. म्हणून इंग्लंडात हडर्सफील्ड येथे आणि अमेरिकेत शिकागोजवळ आरगॉन येथे वेगवान आयनांचा झोत थेट सूक्ष्मदर्शकातच सोडण्याची सोय करण्यात आली. धातूत काळे ठिपके उमटताना, सरकताना, एकमेकांत मिसळताना डोळ्यांदेखत दिसतात. पाहणाऱ्याचे भान हरपावे असे दृश्य! पण इथेच एक मेख आहे. इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून कपची मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी पातळ लागते. मग विसकटलेले अणू आणि रिकामी घरे, दोन्ही जवळच्या पृष्ठभागाशी पोहोचून नाहीशी होतात. जाड भिंतीत त्यांना अशी पळवाट कुठली? दुसरे असे, की वर्षांचा मारा इथे तासांत उरकतो. म्हणजे जे दिसते ते खरे, पण भिंतीच्या पोटातले सगळे नव्हे.

स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ आता वितळलेल्या लिथियमवर ड्यूटेरियमचा झोत मारून तसलेच जोरकस न्यूट्रॉन काढणारे यंत्र उभे राहात आहे. तिथे भाजून निघणारे तुकडेही कापून, घासून, अखेर त्याच सूक्ष्मदर्शकाखाली यायचे आहेत.