इलेक्ट्रिक टाईप भारी आहे, पण समोर कोण उभं आहे?



"सर, सध्या कशात स्कोप आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. स्कोप वस्तूत नसतो. तुमच्या वस्तूसमोर जो गिऱ्हाईक उभा आहे, त्याच्यात असतो. हे समजावायला मी हल्ली पोकेमॉन वापरतो. हसू नका. माझं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं आहे, त्यामुळे इलेक्ट्रिक टाईपवर बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे!

ज्यांनी हा गेम कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ मध्ये जपानमध्ये हा गेम आला. प्राणी पकडायचे, वाढवायचे, लढवायचे. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन टाईप. आज असे १८ टाईप आहेत, आणि कोणाचा मार कोणाला किती लागणार हे त्यावर ठरतं. इलेक्ट्रिकचा मार वॉटर आणि फ्लाइंग टाईपला दुप्पट लागतो. ग्यारडॉस हा वॉटरही आहे आणि फ्लाइंगही, म्हणून त्याला चौपट. ग्रास, ड्रॅगन आणि समोरचा इलेक्ट्रिकच असेल तर निम्मा. आणि ग्राउंड टाईपला? शून्य. कमी नाही, शून्य. तुमची लेव्हल कितीही असू दे.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. अर्थिंग व्यवस्थित असेल तर करंट जमिनीत जातो, विषय संपला. गेम बनवणाऱ्यांनी तेच केलंय. वर गंमत अशी की इलेक्ट्रिक टाईपला दुप्पट मार देणारा टाईपही एकच आहे, तोच ग्राउंड. म्हणजे ज्याच्यावर आपलं काही चालत नाही, तोच आपल्याला सगळ्यात जास्त मारतो.

आता पिकाचू बघा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिलाय. जगातला सगळ्यात प्रसिद्ध पोकेमॉन. पण आकडे काढले तर तो साधा आहे. मूळ एचपी ३५, सगळ्या आकड्यांची बेरीज ३२०. त्याचाच पुढचा अवतार रायचू, त्याची बेरीज ४८५. १९९८ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन यलो आला, त्यात सुरुवातीलाच तुमच्या हातात हा पिकाचू देतात. आणि पहिलाच जिम कोणाचा, तर ब्रॉकचा. त्याच्याकडे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोन्ही रॉक आणि ग्राउंड. जगातला सगळ्यात फेमस प्राणी पहिल्याच मोठ्या लढतीत बिनकामाचा! कार्टूनमध्ये छतावरून पाण्याचे फवारे सुटतात आणि ऑनिक्सला करंट लागतो. गेममध्ये असे फवारे नाहीत. तिथे शहाणा खेळाडू आधी गवतात जाऊन मँकी पकडतो, फायटिंग टाईपचा, आणि ब्रॉकला त्याच्याकडून हरवतो. पुढचा जिम मिस्टीचा, सगळे वॉटर. तिथे हाच पिकाचू राजा.

पिकाचू बदलला का? नाही. समोरचा बदलला.

भोसरी एमआयडीसीत कंपनीच्या गेटबाहेर फर्स्ट शिफ्टच्या आधी पोहे-चहाची गाडी लावा. माणूस घाईत, भुकेला, हातात सुटे पैसे. दुप्पट मार. तीच गाडी, तेच पोहे पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीबाहेर न्या. तिथला माणूस घरी नाश्ता करून निघतो, नाहीतर ॲपवर मागवतो. पोहे तेवढेच चांगले आहेत, पण मार लागत नाही. आणि भोसरीतसुद्धा गुरुवारी काय? तिथल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. महिन्याचा हिशोब ३० दिवसांचा मांडून गाळ्याचं भाडं ठरवणारे मी खूप बघतो. जागामालक गुरुवारचं भाडं सोडत नाही हो.

आता खऱ्याखुऱ्या इलेक्ट्रिककडे येऊ, कारण हल्ली निम्मे प्रश्न त्याचेच असतात. २०१९ मध्ये बजाजने चाकणमध्ये इलेक्ट्रिक चेतक बनवायला सुरुवात केली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणमध्येच बनतात. त्यामुळे आपल्या भागातल्या पोरांना वाटतं की गाडी इथे बनते म्हणजे धंदाही इथेच आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी घेऊ, चार्जिंग पॉइंट टाकू, डिपॉझिट भरू. माझं म्हणणं आहे, थांबा, आणि आधी तुमच्या दुकानापासून दोन किलोमीटरमध्ये राहतं कोण ते फिरून बघा. खराबवाडी, महाळुंगे भागात भाड्याच्या खोलीत चार-चार जण राहतात. वीज सबमीटरवर, सबमीटर मालकाच्या हातात, गाडी गल्लीत उभी. स्कूटर त्याला आवडेल, हप्ताही तो भरेल, पण रात्री चार्जिंग कुठे लावणार? बॅटरी काढून खोलीत नेता येत नसेल तर हा गिऱ्हाईक तुमच्यासाठी ग्राउंड टाईप आहे. मार शून्य. याच गिऱ्हाइकाच्या जोरावर शोरूमचं गणित मांडलं असेल तर तुमचं डिपॉझिट तिथेच अडकलं म्हणून समजा. निगडी प्राधिकरणात स्वतःचं घर, स्वतःचं पार्किंग असलेला माणूस म्हणजे वॉटर टाईप. एकच स्कूटर, दोन गिऱ्हाईक, मधलं अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर.

"बघू, नाही चाललं तर दुकान चालवायला देऊ किंवा विकून टाकू." हे वाक्यही मला रोज ऐकायला मिळतं. इलेक्ट्रिक टाईपकडे व्होल्ट स्विच नावाचा एक डाव असतो. मारायचं आणि त्याच दमात मैदानातून निघायचं, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायचं. मस्त डाव आहे. पण समोर ग्राउंड असेल तर मार लागत नाही, आणि मार लागत नाही म्हणून निघताही येत नाही. जे दुकान तुम्हाला चालत नाही ते दुसरा चालत्या दुकानाच्या भावात कशाला घेईल? बाहेर पडायचा रस्ता धंदा चालण्यावरच अवलंबून असेल तर तो रस्ता नाही. भाडेकरारात नोटीस किती महिन्यांची आहे, डिपॉझिट परत कधी मिळतं, उरलेला माल कंपनी परत घेते का, हे सही करायच्या आधी विचारा.

माल भरायच्या बाबतीत थंडर आणि थंडरबोल्ट. थंडरची ताकद ११०, पण १०० पैकी ७० वेळाच लागतो. थंडरबोल्टची ताकद ९०, आणि नेम १००. साधा गुणाकार केला तर थंडर पडतो ७७ ला. मात्र पाऊस पडत असेल तर थंडर चुकत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या माळा म्हणजे थंडर. तपकीर गल्लीतून माल उचलायचा, पंधरा दिवस पाऊस, तेवढ्यात काढायचा. दिवाळीनंतर तीच माळ कोणी हात लावून बघत नाही, आणि पुढच्या वर्षी डिझाईन बदललेलं असतं. स्विच, वायर, एमसीबी हा थंडरबोल्ट. मार्जिन बारीक, पण रोज लागतो. नवीन दुकानदाराने पहिल्याच वर्षी अर्ध्याहून जास्त भांडवल थंडरमध्ये घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उधारी म्हणजे पॅरालिसिस. गेममध्ये पॅरालिसिस झालेल्या प्राण्याचा वेग निम्मा होतो, आणि दर चार डावांत साधारण एक डाव तो हलतच नाही. नेमकं आपल्यासारखंच. २०१३ च्या एक्स आणि वाय गेमपासून इलेक्ट्रिक टाईपला स्वतःला मात्र पॅरालिसिस होत नाही. मोठ्या कंपन्यांचं पेमेंट डिपार्टमेंट आठवलं ना? तुम्ही माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी आधी करून घ्या. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानाला हे संरक्षण नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांनी वहीच आखडती ठेवायची.

सगळ्यात शेवटी मॅग्नेझोन, कारण तो मला आपल्या भागात जिकडेतिकडे दिसतो. इलेक्ट्रिक अधिक स्टील. स्टीलमुळे डझनभर टाईपचा मार त्याला कमी लागतो किंवा लागतच नाही. वाटतं किल्ला आहे. पण ग्राउंडचा मार त्याला दुप्पट नाही, चौपट लागतो. छोटा वर्कशॉपवाला एकाच कंपनीचं जॉबवर्क करतो. कंपनी म्हणते काम वाढवतो, एसपीएम घे. हा कर्ज काढून घेतो. आता बाहेरचा कोणी त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही, भाव तोडू शकत नाही. फक्त एक दिवस त्या कंपनीचं शेड्यूल निम्मं येतं. ते मशीन दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही.

उलट ईलेक्ट्रॉस बघा. साधा इलेक्ट्रिक, पण लेव्हिटेट नावाच्या गुणामुळे जमिनीपासून वर तरंगतो, म्हणून ग्राउंडचे वार खालून निघून जातात. त्याच्याहून ताकदीचे पोकेमॉन पुष्कळ आहेत, वेगाने तर तो मागेच आहे. तरी दुसरी ऑफर आली तर मी मॅग्नेझोन सोडून ईलेक्ट्रॉस घेईन. दुसरा, लहान का होईना, पण वेगळ्या क्षेत्रातला कस्टमर म्हणजे हे लेव्हिटेट. ऑटो पार्ट करणाऱ्याने वीस टक्के काम शेतीच्या अवजारांचं, पंपाचं घेतलं तरी चालेल. त्यात मार्जिन कमी असेल, असू दे.

आणि ते लगेच जमत नसेल तर मॅग्नेझोनवाले एक जुनी युक्ती करतात, त्याच्या हातात एअर बलून देतात. फुगा आहे तोवर ग्राउंडचा मार लागत नाही. पहिला कुठलाही वार बसला की फुगा फुटतो, पण तेवढ्यात एक-दोन डाव मिळतात. तीन महिन्यांचा पगार, भाडं आणि हप्ता वेगळ्या खात्यात, ज्या खात्याचं चेकबुक दुकानात ठेवत नाही, हा तुमचा फुगा. पुढच्या व्हिडिओत तो किती रुपयांचा लागतो ते एका पोहेगाडीचा आणि एका लेथवाल्याचा हिशोब मांडून दाखवतो. तोपर्यंत एका कागदावर तुमचे दहा ठरलेले गिऱ्हाईक लिहा आणि प्रत्येकासमोर वॉटर की ग्राउंड ते लिहून ठेवा.