मासा लगेच मरतो, माणूस हळूहळू

उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं की वरच्या कोंडीत कुणीतरी शेतातलं औषध ओततो, आणि वर तरंगलेले मासे पोत्यात भरून बाजारात आणतो. "दोन पाण्यांत धुतले की काही होत नाही" असं सांगणारेही भेटतात. होतं. औषध कल्ल्यांतून आत शिरून माशाच्या कलेजात आणि चरबीत बसतं; वरून धुऊन ते जाणार कसं?

एंडोसल्फानचंच घ्या. मंगळूरच्या पुढे, आपल्याच किनाऱ्यावर कासरगोड आहे. तिथल्या सरकारी काजूबागांवर ढेकण्या मारायला हे औषध वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने फवारलं. २००० साली ते थांबलं. खाली ओहोळ, विहिरी, घरं होती. हजार लिटर पाण्यात एखादा मिलिग्रॅम एंडोसल्फान काही जातींच्या माशांना मारायला पुरतं. मासा मेला की दिसतो. गाय, डॉल्फिन, माणूस, म्हणजे दूध पाजणारी जात, तेवढ्याने मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही झालंच नाही.

पण मेंदूत नसांना शांत ठेवणारी जी यंत्रणा असते, तिलाच हे औषध अडवतं. जास्त पोटात गेलं तर फिट येते. थोडं थोडं रोज गेलं तर काय होतं, ते उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय: यकृत आणि मूत्रपिंड बिघडतं, नरांत शुक्राणू घटतात. कासरगोडच्या पद्रे गावातल्या मुलग्यांचा अभ्यास २००३ साली छापून आला. त्यांच्या रक्तात एंडोसल्फान सापडलं, आणि ते वयात उशिरा येत होते. तिथल्या सगळ्याच आजारांचा दोष या एका औषधावर टाकावा का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. तरी २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना पाच-पाच लाख द्यायला सांगितलं. याच कुळातलं डीडीटी आपल्या देशाच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांच्या चरबीत मिळालंय. आईच्या दुधातून ते पिल्लात उतरतं.

एंडोसल्फान गेलं, पण दुकानातली सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला अशीच कडक आहेत. शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही, तोही आपलाच. फवारणीचा पंप ओहोळात धुऊ नको, एवढंच त्याला सांगायचंय. पाण्यात विष घालून मासे मारणाऱ्याला मात्र १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हेगारच म्हटलंय, आणि त्याला "आपला माणूस" म्हणून पाठीशी घालणं आम्हाला मान्य नाही.

म्हणून संस्थेच्या लिलावात असा मासा घेऊ नये, असं आमचं मत आहे. खाडीत मासे तरंगताना दिसले तर उचलू नका, पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी भरून बर्फात ठेवा, जागा आणि वेळ लिहा, आणि त्याच दिवशी संस्थेला व मत्स्य खात्याला कळवा.