कच्चा लिंबू किती दिवस?



मुंबईकडच्या पोरांचा एक शब्द आहे, ‘कच्चा लिंबू’. मोठी मुले विषामृत, साखळी नाहीतर डबा ऐसपैस खेळत असतात आणि धाकटे भावंड मागे लागते, “मला पण घ्या ना!” त्याला हाकलावे तर घरी आई रागावणार. बरोबरीने घ्यावे तर ते पळण्यात मागे पडणार. मग मुलेच तोड काढतात. त्याला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. असा भिडू म्हणजे कच्चा लिंबू.

नियम प्रेमाचा आहे, यात शंका नाही. तीन-चार वर्षांच्या पोराला खेळात शिरायची ती पहिली पायरीच आहे. पण माझे मत असे की, पायरीवर पाऊल ठेवून पुढे जायचे असते. तिच्यावर घर बांधायचे नसते.

आपल्या गावातल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत नोकरीला आहे. माझा भाऊ घाटकोपरला पंतनगरात राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. खेळायला जागा म्हणजे दोन इमारतींमधली बोळ, आणि त्यातही स्कूटर उभ्या. तरी संध्याकाळी पोरं तिथे लंगडी खेळतातच. माझी भाची सहा वर्षांची. ती सगळ्यांत जास्त पळत होती, पण लंगडी घालणारा मुलगा तिच्या बाजूने जायचा आणि तिला शिवायचाच नाही. शेवटी ती मधोमध उभी राहून ओरडली, “मला पण बाद करा ना!”

ऐकून सगळी पोरं हसली. मला मात्र हसू आले नाही. मुलाला हरण्याचे दुःख होते हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपण कुणाच्या हिशेबातच नाही, याचे दुःख त्याहून मोठे असते. दुसऱ्या डावात पोरांनी तिला खरी भिडू केली. तिसऱ्याच मिनिटाला बाद झाली. ओठ काढून जिन्यावर बसली, थोडी रडली. मग आपला डाव आल्यावर उठून लंगडी घालायला गेली.

आता घरातले पाहा. तिला शाळेने आकाशकंदील करून आणायला सांगितला होता. वहिनी दिवसभर नोकरीवर, लोकलच्या गर्दीतून उभ्याने घरी येणार, मग स्वयंपाक. रात्री अकरा वाजता ती बिचारी कंदील चिकटवत बसली आणि जिच्या नावाचा कंदील ती गाढ झोपलेली! मी म्हटले, “अगं, तिला करू दे की.” तर म्हणाली, “ताई, तिला कुठं जमतंय? वाकडं होईल, शाळेत काय म्हणतील?” म्हणजे झालं काय, की खाली बोळीत जी पक्की भिडू झाली, ती घरात कच्चा लिंबूच राहिली. वहिनीला दोष देत नाही. दमलेल्या माणसाला स्वतः करणे सोपे जाते, दुसऱ्याला शिकवणे अवघड.

आणि हे फक्त मुंबईत चालते असे समजू नका. आपल्याकडेही हस्तव्यवसायाच्या वस्तूंवर आईचा हात मला लगेच ओळखू येतो. शिवाय आपल्या गावात एक जास्तीची गोष्ट आहे. मैदानाच्या कडेला सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्या भावाला काखेत घेऊन उभ्या असतात. त्या तर कच्चा लिंबूसुद्धा नाहीत. घरची जबाबदारी पुरी, आणि खेळात नाव नाही!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताच्या संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. आपल्या रूढ खो-खोत पाठलाग करणारे नऊ जण असतात. आठ जण एकाआड एक उलट तोंडे करून बसतात आणि एकटा धावतो. बसलेल्याला ‘खो’ मिळाल्याशिवाय उठता येत नाही. पण बसला म्हणून तो बिनकामाचा नसतो. कोणत्या क्षणी आपल्याला खो मिळेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक जण कान देऊन तयार असतो. लहान मुलाला पहिला सांघिक खेळ शिकवायचा तर तो असा असावा. त्यात अंग चोरता येत नाही आणि कुणाला नुसते शोभेला बसवता येत नाही.

कुणी म्हणेल, “बाई, पोरं लहान आहेत, गुडघे फुटतील, कात्रीनं बोट कापेल.” खरे आहे. म्हणून काम वयाप्रमाणे द्यावे. कंदिलाच्या कामट्या कोयत्याने मोठ्या माणसानेच तासाव्यात. पण आठ वर्षांच्या मुलाला दोऱ्याने सांगाडा बांधता येतो, सहा वर्षांच्या मुलीला बोथट कात्रीने झिरमिळ्या कापता येतात आणि चार वर्षांचे पोरगे खळ लावू शकते. किल्ल्याची माती भिजवणे, गोणपाट चिखलात बुडवणे, अळीव पेरून रोज पाणी शिंपडणे ही कामे सर्वांना येतात. खेळातही तसेच. लहानग्याला हवे तर एका डावात दोन संधी द्या, पण दोन्ही गेल्या की तो बाद.

माझे सांगणे थोडक्यात असे. पालकांनी मुलाची वस्तू मुलाला करू द्यावी, वाकडी झाली तरी तिला हात लावू नये. मी वाकड्या कंदिलाचे गुण कापणार नाही, हे इथेच लिहून देते. मोठ्या मुलांनो, पहिलीतल्या भिडूंवर राज्य येऊ द्या. आणि ज्यांच्या घरी काखेतले बाळ आहे त्यांनी संध्याकाळचा एक तास तरी ते स्वतःकडे घ्यावे, लेकीला मैदानावर पाठवावे.

या दिवाळीत कुणाचा किल्ला किती उंच झाला, हे मी विचारणार नाही. माती कुणी भिजवली, एवढेच विचारीन.

— तुमच्या बाई