पांघरूण कशावर घालता?

डिसेंबर उजाडला की ह्या शहराला गरीब माणूस दिसायला लागतो. अकरा महिने तो फूटपाथवरचा अडथळा असतो. पालिकेची गाडी येते, त्याची वळकटी उचलून नेते, भांडी फेकून देते. बाराव्या महिन्यात तोच माणूस 'गरजू' होतो. रात्री गाड्या थांबतात, बॅनर उलगडतं, ब्लँकेटवाटप सुरू होतं. एका म्हातारीला एक ब्लँकेट द्यायला नऊ हात पुढं येतात. नऊच्या नऊ हात कॅमेऱ्यात मावेपर्यंत म्हातारी कुडकुडत उभी. फोटो निघाला की हात गायब.

मी गोदीत ओझी वाहणारा माणूस. दहावी पास. थंडी काय चीज असते हे मला कुणी शिकवू नये. पहाटेच्या पाळीला धक्क्यावरचा खारा वारा बनियनमधून बरगड्या मोजतो. म्हणून ब्लँकेट वाईट असं मी म्हणणार नाही. उघड्या माणसाला 'ब्लँकेट घेऊ नकोस' म्हणणारा क्रांतिकारक स्वतः रजईत झोपलेला असतो. माझं भांडण ब्लँकेटशी नाही. ब्लँकेटवर छापलेल्या नावाशी आहे.

आपल्या भाषेत पांघरूण दोन ठिकाणी घालतात. अंगावर आणि गुन्ह्यावर. दात्यांनो, तुम्ही कशावर घालता?

उतरलेलं कापड आमच्या अंगावर आज आलेलं नाही. मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय नेसावं ह्याचा नियम आहे: मेलेल्याची वस्त्रं. पुढं गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क ठरला. हक्क म्हणे! मेलेलं ढोर ओढायचं, त्याचं मांस हा हक्क. गावचं मढं मसणात गेलं की वरचं कापड हा हक्क. जित्या माणसाच्या अंगावरचं जित्या महाराला मिळायचं नाही, त्यासाठी कुणीतरी मरावं लागायचं. 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जळाली. 1958 च्या कायद्यानं महारकी वतन संपवलं. कायद्यानं वतन गेलं, पण देणाऱ्याच्या हाताचं वळण गेलं नाही. आपल्याला नको झालेलं खाली टाकायचं आणि वरून पुण्य उचलायचं. आजच्या 'जुने कपडे, चादरी जमा करा' ह्या पेट्यांत डोकावून बघा. फाटकी चादर, डाग पडलेली रजई, एका हाताचा स्वेटर. कचऱ्याच्या डब्याला दान हे नाव दिलं एवढाच फरक.

आता घोंगडीचं घ्या. घोंगडी दानाची नव्हे, घामाची वस्तू. धनगराच्या मेंढीची लोकर, बायांनी कातलेलं सूत, सनगराचा माग, वर चिंचोक्याची खळ. अंगाला टोचते, पण पावसात खोळ करून डोक्यावर घेतली तर सरीवर सर झेलते. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी ही गावकीच्या महाराची ओळख. त्याच वेषात देव गेला अशी कथा सांगतात. दामाजीपंतानं मंगळवेढ्याचं कोठार दुष्काळात लोकांना मोकळं केलं, आणि बेदरच्या बादशहाकडं त्याचा भरणा करायला विठोबा विठू महार होऊन गेला. कीर्तनात ही कथा आली की माना डोलतात. पण विठोबाला महाराची घोंगडी चालली, बडव्यांना महार चालला नाही. पंढरपूरच्या देवळाचं दार 1947 साली उघडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. आमचं पांघरूण कथेसाठी घ्यायचं आणि माणूस पायरीखाली ठेवायचा. ही ह्यांची ऊब!

आणि वाटायचं ब्लँकेट येतं कुठून? मराठी माणसाला पानिपत 1761 साठी ठाऊक. आजचं पानिपत वेगळंच आहे. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, पँटी गाठी बांधून जहाजानं ह्या देशात येतात. येताना ते फाडलेले असले पाहिजेत असा नियम. का? तर अख्खा कोट आला तर कुणीतरी तसाच अंगात घालील आणि इथला कपड्याचा धंदा बसेल. मग पानिपतच्या गोदामात बाया मांडी घालून बसतात, रंगारंगाचे ढीग लावतात, बटणं-चेन-लेबलं कापून काढतात. यंत्र त्या चिंध्या पिंजतं. त्याचं सूत, सुताचं ब्लँकेट. भूकंप, पूर, लढाया, जगात कुठंही माणसं उघड्यावर आली की तिथं गेलेली कित्येक ब्लँकेटं ह्याच चिंध्यांची. आता पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटनं हा धंदा मागं रेटलाय, पण हिशेब ध्यानात घ्या. चांगला कोट फाडायचा, गरिबाला तो कोट म्हणून मिळू द्यायचा नाही, आणि त्याच्याच चिंध्या विणून गरिबाला उपकार म्हणून द्यायच्या. चिंध्यांची धूळ छातीत घेणाऱ्या त्या बाईचं नाव ब्लँकेटवर कुठंही नाही. दुकानातून गठ्ठा घेऊन वाटणाऱ्याचं आहे, फोटोसकट.

भेट दिलेल्या ब्लँकेटची सगळ्यात काळी गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी इंग्रज बळकावत होते. त्या लोकांनी 1763 साली फोर्ट पिट नावाच्या किल्ल्याला वेढा घातला. 24 जूनला डेलावेर जमातीचे लोक बोलणी करायला आले. निघताना इंग्रजांनी त्यांना भेट दिली: दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल. ती ब्लँकेटं देवीच्या रोग्यांच्या इस्पितळातली होती. रोग पसरावा म्हणून दिलेली. हे मी रचून सांगत नाही, किल्ल्यातल्या एका व्यापाऱ्यानं ते स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. आणि पुढं त्या ब्लँकेटांचं बिल लष्कराला लावलं, लष्करानं ते मंजूरही केलं! आपले वाटणारे रोग वाटतात असं मी म्हणत नाही. म्हणतो एवढंच, की भेट घेण्याआधी देणाऱ्याच्या वहीत डोकावून बघा. तिथं ती कुठल्या खात्यावर मांडलीय?

आमच्या ठेकेदाराच्या वहीत मी डोकावलो. दिवाळीला आम्ही बोनस मागितला. कायद्यानं कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला महिन्याभराचा पगार. मुकादम म्हणाला, साहेबांनी सगळ्यांना भेट पाठवलीय. पिशवीत ब्लँकेट. कोपऱ्यात कंपनीचं नाव, भडक लाल अक्षरात. एका महिन्याचा पगार गिळला आणि वर जाहिरात आमच्याच अंगावर चढवली. आता आम्ही झोपेतसुद्धा त्याची पाटी होऊन झोपायचं! सिमेंटवाला देतो, खतवाला देतो, बँकवाला देतो. त्यांना ठाऊक आहे की भिंत रंगवली तर भाडं पडतं. माणूस फुकट मिळतो.

पुढाऱ्याचा हिशेब आणखी सोपा. निवडणूक लागल्यावर मतासाठी ब्लँकेट दिलं तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 त्याला लाच म्हणतं. म्हणून तो आधीच्या थंडीत, वाढदिवसाला देतो. तेव्हा ती समाजसेवा. वस्तू तीच, हात तोच, हेतू तोच. तारीख बदलली की लाच दान होते.

आता लेकरांकडं या. कारण पांघरुणाची खरी परीक्षा तान्ह्या पोराजवळ होते. आमच्याकडं पोर जन्मलं की आजी जुनं लुगडं शोधते. नवं नको, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. त्याचं दुपटं होतं, वाकळ होते, उरलेल्याची झोळी. त्या कापडाला आईचा, आजीचा वास असतो. पोर रडलं की ते गालाशी धरतं आणि गप होतं. हार्लो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1958 साली हेच शोधून काढलं. माकडांची पिल्लं आयांपासून तोडली, दोन खोट्या आया केल्या. एक तारेची, तिच्याकडं दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. पिल्लं दूध तारेकडं प्यायची आणि बिलगायची कापडाला. आमच्या आज्यांना हे कळायला माकडं कोंडावी लागली नाहीत.

पण ह्यातून एक प्रश्न निघतो. आई कुठाय? पोर चिंधीला का बिलगलंय? कारण आई स्लॅबवर घमेली चढवतेय. पोर वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत. 1948 च्या कारखाना कायद्यानं सांगितलं होतं, तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं पाळणाघर करा. 1996 च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यानं पन्नासचा आकडा घातला. 2017 साली बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांवर गेली. ह्यातलं काय त्या झोळीपर्यंत पोचलं? तिथं पोचलं ते हसऱ्या अस्वलाचं चित्र असलेलं गुलाबी बेबी ब्लँकेट, बिल्डरच्या बायकोच्या हस्ते. आई काढून घ्यायची आणि कापड द्यायचं. माकडांवर केला तो प्रयोग माणसांवर चाललाय, आणि त्याला धर्मादाय म्हणतात.

मग ब्लँकेट देणं सगळंच खोटं? नाही. बाबासाहेब आणि गाडगेबाबांची हकिकत आपल्यात सांगतात. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री. गाडगेबाबा मुंबईत इस्पितळात असल्याचं कळलं. बाबासाहेबांनी हातातलं काम टाकलं, दोन घोंगड्या विकत घेतल्या आणि भेटायला गेले. कुणाकडून काही न घेणाऱ्या गाडगेबाबांनी त्या घेतल्या. ज्यानं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली, त्या माणसानं दोन घोंगड्या घेतल्या. 1956 च्या एकाच डिसेंबरात दोघं गेले, 6 तारखेला एक आणि 20 तारखेला दुसरा. त्या घोंगड्यांत दाता नव्हता आणि याचक नव्हता. एक माणूस आजारी होता, दुसऱ्याला त्याची काळजी होती. आईच्या वाकळेवर नाव नसतं, तसं त्यांच्यावरही नव्हतं.

तेव्हा भावांनो, बायांनो, थंडीत ब्लँकेट आलं तर घ्या. लाजू नका, ते आपल्याच श्रमाचं उरलंसुरलं आहे. पण फोटोला तोंड देऊ नका. हात जोडू नका. छापलेलं नाव उसवून काढा, नाहीतर आत करून पांघरा. आणि देणाऱ्याला तिथंच, चारचौघांत विचारा: बोनस कुठाय? पाळणाघर कुठाय? 2013 च्या शहरी योजनेत लाख वस्तीमागं शंभर माणसांचा एक निवारा लिहिला होता, आमच्या वॉर्डातला कुठाय? हे सगळे प्रश्न तुम्ही भिजत घोंगडं करून ठेवलेत, आणि आमच्या हातात कोरडं ब्लँकेट देताय!

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आम्हाला शाळेत शिकवलं. अंथरूण कुणी कापलं हे शिकवलं नाही. ते आम्ही गोदीत शिकलो, नाक्यावर शिकलो, मढ्यावरचं कापड नेसलेल्या बापजाद्यांकडून शिकलो. आता पाय आखडून झोपणं बंद. अंथरुणाचं माप आम्ही घेणार.